विजयमालेला बाहेर काढा

पुस्तक वाचणं हा गुन्हा आहे काय? नाही ना? मग गंगाधरपंतांच्या वाट्याला जे आलं ते का यावं, याचं उत्तर साताऱ्यात आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. बरं, माणूस काही वाह्यात नव्हे. हायस्कुलात गणित शिकवणारा, डोक्याला काळी टोपी, हातात छत्री, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने एक कादंबरी वाचायचं मनात आणलं, एवढंच. त्यावरून काय काय झालं ते ऐका आणि मग तुम्हीच ठरवा चूक कुणाची ती.

सुरुवात केली लालासाहेबांनी. लालासाहेब म्हणजे शाळेतले ड्रिल मास्तर, मूळचे विट्याकडचे, छाती अशी की शर्टाची बटणं सदा धास्तीत. मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत 'कडीकोयंडा' नावाच्या कादंबरीची गोष्ट सांगत बसले होते. सांगलीच्या कुठल्याशा छापखान्यात छापलेलं हे बारीकसं पुस्तक. लेखकाने स्वतःचं नाव घातलेलं नव्हतं, आणि ते त्याने शहाणपणाचंच केलं, कारण घातलं असतं तर लोक त्याचं घर शोधत गेले असते. गोष्ट अशी की, एक डॉक्टर विजयमाला नावाच्या एका पोरीला बंगल्याखालच्या तळघरात कोंडतो. वरच्या भोकातून भाकरी टाकतो आणि रोज तिला सांगतो की बाहेर प्लेग आला, गाव मेलं, आता जगात तू आणि मी दोघंच. पोरगी अंधारात उंदराशी बोलायला लागते. भाकरीचा अर्धा तुकडा उद्यासाठी ठेवते आणि उद्या नक्की येणार की नाही हे कळायला मार्ग नाही म्हणून रडते. इथवर सांगून लालासाहेब थांबले. पुढचं ज्याचं त्यानं वाचावं म्हणाले. आणि मग सगळ्यांदेखत गंगाधरपंतांकडे वळून म्हणाले, "पंत, तुमी मात्र ह्या भानगडीत पडू नका. तुमचं काळीज चिमणीचं."

सगळे हसले. चित्रकलेचे मास्तर तर चहा सांडून हसले. आता एखाद्याने कुणाच्या काळजाची मापं का काढावीत? गंगाधरपंतांनी आयुष्यात काय कमी सोसलं होतं? अकरावीच्या वर्गाला भूमिती शिकवणं हे काळीज नसलेल्या माणसाचं काम आहे काय? रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत उभं राहून रॉकेलऐवजी दुकानदाराची भाषणं घरी आणणं हे चिमणीला जमतं काय? पण हे सगळं त्यांना घरी गेल्यावर सुचलं. तिथे ते एवढंच म्हणाले की हे पुस्तक मी वाचणार, पुरतं वाचणार आणि शेवट तुम्हाला सर्वांना सांगणार.

बोलून तर बसले. पुस्तक मिळवायला 'लोकबोध वाचनालया'त गेले तेव्हा कळलं की कैदेवरचं ते पुस्तक स्वतःच कैदेत आहे. ग्रंथपाल अनंत हा चष्म्याची काडी दोऱ्याने बांधणारा आणि बाकी सगळं नियमाने बांधणारा तरुण. त्याने कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली त्याच्या जानव्याला. कुणा सभासदाच्या सुनेने ते पुस्तक वाचलं आणि नंतर ती धान्य काढायला बळदात जाईना. घरचं जेवण खोळंबलं म्हणून सासऱ्याने तक्रार केली. त्यावर समितीने ठराव केला की हे पुस्तक फक्त विवाहित गृहस्थांना द्यावं, तेही अर्जदार धीराचा आहे असं दोन प्रतिष्ठित माणसांनी लिहून दिल्यावर, आणि न्यायचं ते दुपारी न्यावं व दिवे लागायच्या आत परत आणावं. रात्री हे पुस्तक कुणाच्या घरात राहता कामा नये. हे शेवटचं कलम वाचताना अनंताने स्वतःच मागे वळून पाहिलं.

पहिली सही शेजारच्या हंबीररावांनी दिली. हंबीरराव फौजेतले पेन्शनर जमादार. उंब्रजला ऊस, पण मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात बिऱ्हाड केलेलं. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये लाकडी पडदी होती आणि ती आढ्यापर्यंत पोचत नसल्यामुळे एका घरातली शिंक दुसऱ्या घरातल्यांना लागत असे. हंबीररावांनी लिहून दिलं की मास्तरांनी विंचू मारलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. खरं म्हणजे विंचू मारला होता पंतांच्या पत्नीने, चारुशीलाबाईंनी, चपलेने, आणि पंत तेव्हा खाटेवर उभे राहून तिला दिशा सांगत होते. पण शेजारधर्म म्हणून काही असतंच. दुसरी सही लालासाहेबांनी केली आणि खाली आपल्या हाताने ओळ वाढवली की अर्जदाराच्या प्रकृतीस काही झाल्यास सही करणारा जबाबदार नाही. हा अपमान पंतांनी गिळला. काम अडलेलं होतं.

तर श्रावणी सोमवार आला. शाळा अर्धी. पंत पुस्तक छत्रीच्या आड धरून घरी आले. रात्री वाचायची सोयच नव्हती. एक समितीचं कलम, आणि घरात रॉकेल नाही हे दुसरं. घर दोन खोल्यांचं. आत स्वयंपाक, बाहेर सगळं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मनुआत्या बसलेल्या. मनुआत्या म्हणजे पंतांच्या वडिलांची बहीण. सासर वाईचं, पण नवरा गेला लहानपणीच. मग भावाकडे आल्या, आणि भाऊ गेल्यावर भाच्याकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे की खालच्या रस्त्यावरून कुणाचा टांगा गेला तेही सांगतील. पंतांनी खुर्ची कोपऱ्यात ओढली, आवाज न करता पुस्तक उघडलं आणि पहिलं पान उलटलं.

"काय वाचतोयस रे, गंगाधरा?" मनुआत्या म्हणाल्या.

पंतांनी सांगितलं की ही पोथी नाही, कादंबरी आहे. त्यावर मनुआत्यांचं म्हणणं असं पडलं की असू दे, माणसांचीच आहे ना? श्रावणातल्या सोमवारी, उपासाच्या माणसासमोर बसून मनातल्या मनात वाचणं म्हणजे चोरून खाण्यासारखं आहे. ह्या घरात आजपर्यंत असं कुणी केलं नाही. पंतांनी चारुशीलाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, वाचा की मोठ्याने, मीही ऐकते काम करता करता. झालं. पंतांना उठवून हातपाय धुवायला लावले, पाटावर बसवलं, समोर चौरंग, चौरंगावर 'कडीकोयंडा' आणि शेजारी निरांजन. सांगलीच्या त्या अनाम लेखकाने हा थाट पाहिला असता तर त्याने बहुधा लिहिणंच सोडलं असतं.

पंत वाचू लागले. आवाज तसा गणिताचा, एकसुरी. पण गोष्ट तशी होती की आवाजाचं काही चालेना. डॉक्टरने विजयमालेला बंगला दाखवायच्या निमित्ताने खाली नेलं आणि वरून कडी घातली, तेव्हा पडदीपलीकडे कुणाच्या तरी हातातली वाटी पडली. थोड्या वेळाने हंबीररावांच्या पत्नी राहीबाई निवडायचे तांदूळ घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकल्या. मग खुद्द हंबीरराव आले. ते उभेच राहिले, पहाऱ्यावर असल्यासारखे. आजचा उपास त्यांनाही होता. फौजेत वीस ठिकाणी फिरलो पण सोमवार मोडला नाही, असं ते येईल त्याला सांगत.

उंदराचं प्रकरण आलं. काळीज चिमणीचं नसलं तरी कुठल्यातरी लहान पक्ष्याचं असावं अशी पंतांना शंका यायला लागली. त्यांनी पुस्तकात बोट घातलं आणि म्हणाले की आता जरा थांबू, पाणी पिऊन येतो.

तिथे खरी गंमत झाली. म्हणजे ऐकणाऱ्यांची, पंतांची नव्हे. मनुआत्यांनी हात वर केला. पोथीला बसलं की मध्ये उठायचं नाही, हा नियम पंतांना ठाऊक होता. दुसरा नियम ते विसरले होते. वाईट प्रसंगावर वाचन थांबवायचं नाही. सीतेला पळवून नेली तिथे पोथी बांधून कुणी जेवायला उठत नाही. पुढचं काहीतरी शुभ येईपर्यंत वाचायचं आणि मग हात जोडायचे. पंतांनी परोपरीने सांगून पाहिलं की आत्या, हे नियम पोथीचे. मनुआत्या म्हणाल्या, "पोथी असो नाहीतर गोष्ट असो, माणसाला संकटात टाकून पुस्तक मिटायचं नाही. त्या पोरीला बाहेर काढ, मग ऊठ."

आणि पुढे म्हणाल्या की ती बाहेर आल्याशिवाय मी सोमवार सोडणार नाही.

आता ह्याला काय म्हणावं? म्हातारीने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नव्हतं. सूर्य मावळायच्या आधी तिचा उपास सुटलाच पाहिजे, नाहीतर चक्कर येते हे गेल्या सोमवारी कळलेलं. मनुआत्या जेवल्याशिवाय चारुशीलाबाई जेवणार नाहीत. आणि ऐकायला बसलेले म्हणून नियम आपल्यालाही लागू, असं राहीबाईंनी आपल्या आणि नवऱ्याच्या वतीने परस्पर जाहीर केलं. हंबीररावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पंतांनी मनात हिशेब केला की कादंबरी आहे, शेवटी सुटेलच. लवकर वाचावं.

वाचत सुटले. पण त्या लेखकाचं तळपट होवो, एक पान शुभ लिहिलं नव्हतं मेल्याने. कुठे विजयमालेला फटीतून उजेड दिसायचा आणि पंत आशेने पुस्तक मिटायला घ्यायचे, तर पुढच्याच ओळीला डॉक्टर ती फट बुजवायचा. कुठे तिला वर माणसांचे आवाज यायचे, तर ते डॉक्टरनेच वेगवेगळे आवाज काढून बोललेले निघायचे. हंबीररावांना हे सोसवेना. ते म्हणाले, "आवं मास्तर, त्या पोरीनं दाराची बिजागरी बगितली न्हाई का अजून? बिजागरी आतल्या अंगाला आसती. खिळा उपसला की दार खाली." पंतांनी सांगितलं की पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. मग लिहिणाऱ्यानं तळघर बघितलेलं न्हाई, असा हंबीररावांनी निकाल दिला. राहीबाईंचं म्हणणं वेगळं. डॉक्टर भाकरी टाकतो, पण कालवण टाकत नाही, ते का? कोरडी भाकरी खाऊन पोरीच्या अंगात जोर कुठून येणार? हाही पंतांचाच दोष असल्यासारखं सगळे त्यांच्याकडे बघत होते. तहानेने त्यांचा घसा कोरडा पडला होता, पाय मुंग्यांनी भरले होते. दुपारपासून ते पाटावरून हलले नव्हते आणि कुणी त्यांना हलू देत नव्हतं. तळघरात नक्की कोण आहे, हा प्रश्न त्यांना पडायला लागला.

उन्हं कलली तसा अनंत आला. दिवे लागायच्या आत पुस्तक परत, हा नियम. पंतांना वाटलं, सुटलो. पण मनुआत्यांनी त्याला विचारलं की बाबा, तू वाचलंयस का हे? अनंत म्हणाला, नाही, माझ्याकडे फक्त किल्ली असते. मग बैस, म्हणाल्या. तो चष्मा सावरत बसला तो बसलाच. त्याच्या मागोमाग लालासाहेब आले. पंतांची फजिती पाहायलाच आले होते, दुसरं काय. तेवढ्यात तो भाग आला, जिथे उंदीर मरतो आणि विजयमाला त्याला पदरात गुंडाळून अंगाई म्हणते. लालासाहेब आधी हसले, आणि मग हळूच सरकत हंबीररावांच्या शेजारी भिंतीला टेकले. राहीबाईंनी सरळ विचारलं की मास्तर, तुमी हे वाचलंय ना? लालासाहेबांनी छताकडे बघत कबूल केलं की उंदराच्या पहिल्या प्रकरणापर्यंतच वाचलं होतं. पुढं काळजी वाटली, म्हणाले. पंतांना वाटलं, हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर व्हायला हवं होतं. पण अपमान चार लोकांत होतो आणि भरपाई नेहमी घरात होते.

पानं संपत आली. आत चारुशीलाबाईंनी रेशनची साखर वाचवून नैवेद्याच्या खिरीसाठी दूध शेगडीवर ठेवलं होतं आणि जरा ऐकते म्हणून त्याही दारात येऊन बसल्या होत्या. शेवटच्या प्रकरणात डॉक्टर मेला. वरच्या जिन्यावर पाय घसरून पडला आणि त्याच्या पडण्याने कडी निखळली. दार आपोआप उघडलं. उजेडाचा पट्टा जिन्यावरून खाली आला. राहीबाईंनी हात जोडले. हंबीररावांनी मिशीला हात लावला. पंतांचा आवाज पहिल्यांदाच चढला. विजयमाला उठली. भिंत धरत धरत एकेक पायरी चढली. दारापाशी आली. बाहेर बघितलं.

आणि पुढची ओळ वाचून पंत थांबले.

"वाच," मनुआत्या म्हणाल्या.

पंतांनी वाचलं. विजयमालेने दार ओढून घेतलं, आणि आतून कडी लावली. खाली 'समाप्त' छापलेलं होतं. त्याखाली कोरा कागद.

मग सगळेच बोलायला लागले. हंबीरराव म्हणाले, हे काय लिहिणं झालं? दुश्मन मेला, दार उघडं, आणि शिपाई पुन्हा तुरुंगात? कोर्टमार्शल करायला पाहिजे लिहिणाऱ्याचं. राहीबाई पदराने डोळे पुसत होत्या. लालासाहेब सांगलीला जाऊन छापखाना गाठतो म्हणाले. अनंत म्हणाला की दिवे लागायची वेळ झाली, पुस्तक द्या. मनुआत्या मात्र ताठ बसून होत्या.

"पुढे?"

"पुढे काही नाही, आत्या. संपलं."

"संपलं कसं? पोरगी आत आहे."

पंतांच्या डोक्यात राग भणभणला. त्यांनी जन्मभर गणितं सोडवली होती, आणि एकही गणित असं नव्हतं की ज्याला शेवटी उत्तर नसेल. म्हातारी उपाशी होती, सूर्य डोंगरामागे चालला होता आणि तो सांगलीचा अनाम माणूस कुठेतरी आरामात भात जेवत असेल. त्यांनी पुस्तक पुन्हा समोर धरलं आणि कोऱ्या पानावर नजर ठेवून वाचल्यासारखं म्हटलं की इतक्यात मामलेदारसाहेबांचा हुकूम आला आणि शिपायांनी रीतसर पंचनामा करून विजयमालेस बाहेर काढले.

"हे तुझं आहे," मनुआत्या म्हणाल्या. "पुस्तकातल्या माणसाला पंचनामा सुचला नसता."

आणि तेव्हाच आतून वास आला. आधी कुणाच्या लक्षात आला नाही. चारुशीलाबाईंच्यासुद्धा नाही, त्या पुस्तकाकडेच बघत होत्या. पण मनुआत्या उठल्या. पोथीतून उठायचं नाही हा नियम ज्यांनी दुपारपासून सगळ्यांना लावला होता, त्या मनुआत्या भिंत चाचपत, उंबऱ्यावरचे तांदूळ उधळत, दिसत नसताना सरळ शेगडीपाशी पोचल्या. पदराने पातेलं धरलं आणि खाली उतरवलं. दूध निम्मं उतू गेलं होतं. निखाऱ्यांवर चरचर चालली होती.

सगळे त्यांच्या मागे आत आले. त्या पातेल्याशी तशाच उकिडव्या बसून राहिल्या. बोलल्या तेव्हा कुणाकडे तोंड नव्हतं.

"वाईला हे गेले तेव्हा मला कोपऱ्यात बसवलं होतं. बळदाशेजारच्या खोलीत. खिडकी नव्हती. रोज वाटायचं, वर्ष संपू दे, बाहेर जाईन. वर्ष संपलं, जाऊबाई म्हणाल्या, ये आता. मी दारापर्यंत गेले. आणि आतून कडी लावून घेतली. दोन दिवस कुणाला उघडली नाही." त्यांनी पातेल्याच्या काठावरची साय बोटाने आत लोटली. "मग एकदा सगळ्या देवळात गेल्या होत्या. चुलीवर दूध उतू जायला लागलं. वास आला. घरात कुणी नाही. मग काय करणार? कडी काढली, धावले, दूध उतरवलं. आणि मग परत आत जायचं राहूनच गेलं."

बोट पदराला पुसत म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय त्याने. फक्त आधीच थांबलाय."

पंतांनी आत्याला कधी काही विचारलं नव्हतं. ती घरात होती, जशी खिडकी होती. अशा वेळी काय करायचं हे शिकवलेलं नसल्यामुळे त्यांना भयंकर राग आला. लेखकाचा आला, वाईचा आला, स्वतःचा आला. ते तरातरा बाहेर गेले, दौत उघडली आणि ज्या माणसाने पुस्तकात शाईचा ठिपका पाडणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं होतं, त्याने वाचनालयाच्या पुस्तकात 'समाप्त'च्या खाली खणखणीत अक्षरात लिहिलं: 'इतक्यात दुधाचा वास आला. विजयमालेने कडी काढली, धावत जाऊन दूध उतरवले, आणि परत आत जायचे राहून गेले.'

पंतांनी ओळ मोठ्याने वाचली. मनुआत्यांनी हात जोडले, म्हणाल्या, आता मिट. हंबीररावांनी "हरहर महादेव" असा काही आवाज काढला की पलीकडच्या बिऱ्हाडातलं मूल उठलं. खीर सगळ्यांना वाटीवाटी आली, आणि करपट लागत होती.

इथे हे संपायला हवं होतं. पण साताऱ्यात काही संपत नाही. गणपती उठले आणि पंतांना 'लोकबोध'ची नोटीस आली. सार्वजनिक ग्रंथात अनधिकृत मजकूर लिहिल्याबद्दल समितीसमोर हजर व्हावे. पंत संतापले, आणि त्याहून अधिक घाबरले. मनुआत्या म्हणाल्या, मीही येते, लिहायला मीच लावलं. मग चारुशीलाबाई निघाल्या, आणि पडदीपलीकडून सगळं ऐकलेलं असल्यामुळे हंबीररावही फेटा बांधून निघाले.

समितीच्या खोलीत बाईमाणूस कधी आलेलं नव्हतं. अध्यक्ष हे कोर्टातले निवृत्त नाझर, त्यांची चहाची वेळ होत आलेली. त्यांनी मनुआत्यांकडे न बघता खाकरून सांगितलं की प्रकार पंतांपुरता राहिलेला नाही. नियमाप्रमाणे पुस्तक विवाहित गृहस्थांनाच दिलं, पण गृहस्थ घरी नेतात आणि कचेरीत जातात. पुढे ते घरात कोण वाचतं याला समिती काय करणार? आणि त्यांनी अनंताला शेवटचं पान वाचायला सांगितलं.

अनंताने वाचलं. पंतांच्या ओळीखाली वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. 'माझी भाकरी करपत होती, म्हणून उठले.' 'आमच्यात म्हैस अडली होती. गड्याला काही समजेना. मी गेले.' 'धाकटीला खोकल्याची उबळ आली.' 'मला कुणी बोलावलं नाही. मीच कंटाळले.' शेवटच्या ओळीला अनंत अडखळला. अक्षर अगदी बारीक होतं, पेन्सिलीचं. 'मी अजून आतच आहे.'

अध्यक्ष म्हणाले, म्हणूनच. हे पुस्तक कायमचं कुलपात ठेवावं असा ठराव आहे. अनंताने किल्ली काढली आणि पुस्तक मिटायला घेतलं.

त्या क्षणी गंगाधरपंतांनी जे केलं ते त्यांच्या हातून कसं झालं हे त्यांना आजही सांगता येत नाही. त्यांनी अनंताच्या हातातून पुस्तक हिसकावलं, होतं त्या पानावर उघडं धरलं आणि समितीच्या टेबलापुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसले. "माणसाला संकटात टाकून पुस्तक मिटायचं नाही," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण मोठा होता. "बाई आत आहे. ती बाहेर येईपर्यंत मी उठणार नाही."

अध्यक्ष म्हणाले, हा काय तमाशा आहे, उठा. पंत उठले नाहीत. अध्यक्ष स्वतः चहाला जायला उठले. तेव्हा हंबीररावांनी शांतपणे खोलीचं दार लोटलं, आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले. म्हणाले, "बसा की साहेब. ठराव फिरल्याबिगर दार उघडायचं न्हाई. आमचं मास्तर लय धीराचं हाईत, तसं म्या लिवून दिलंय."

समितीने दाद मागून पाहिली, दटावून पाहिलं, खिडकीतून शिपायाला हाक मारून पाहिली. शिपाई आला, आणि हंबीरराव आत आहेत असं ऐकून परत गेला. चहाची वेळ टळली. अध्यक्षांच्या पोटातून आवाज यायला लागले. बिजागरी आतल्या अंगाला आहे, पण खिळा कोण उपसणार? शेवटी अध्यक्षांनी कपाळाला हात लावून अनंताला लिहून घ्यायला सांगितलं की सदर पुस्तक कपाटाबाहेर, सर्वांना उघडं, खिडकीजवळच्या मेजावर ठेवावं. विवाहितांची अट रद्द. दिवे लागायची अट रद्द. सूचक अध्यक्ष, अनुमोदक कुणी असेल तो.

हंबीररावांनी कडी काढली. समिती चहाकडे धावली. पंत मात्र बसूनच होते. ठराव झाला, पण बाई आतच होती.

मनुआत्या चाचपत पुढे आल्या आणि त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसल्या. "दौत आहे का रे?" त्यांनी अनंताला विचारलं. अनंताने समितीची दौत पुढे केली. मग पंतांना म्हणाल्या, "लिही. कुठल्या आळीत राहतेस ते इथे खाली लिहून ठेव. मी दूध घेऊन येते. येऊन तुझ्या दाराशीच तापवीन."

गंगाधरपंतांनी ते जसंच्या तसं लिहिलं. खाली मनुबाई असं नाव घातलं. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, पुस्तक नेऊन खिडकीजवळच्या मेजावर ठेवलं, आणि उघडंच ठेवून घरी आले.